वसुलीवर पगार : सिडनीचा कॅप्टन अन् आमचा पाणीवाला

संपादक साहेब, नमस्कार.

ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांच्या पगाराला लावलेली वसुलीची अट, म्हणजे गावची घरटॅक्स-पाणीपट्टी ठरल्या टक्क्याइतकी जमा झाली नाही तं पगार कापायचा, ती काढा म्हणून संघटना कित्येक वर्षांपासून ओरडून राहिल्या. त्यावर परवा आमच्याकडे एक जण म्हणे, टक्केवारीवर ठेवलं की माणूस बरोबर काम करते, इंग्रज पण तसंच करायचे. करायचे ना, पण मग पुढं काय झालं तेही सांगा की राजेहो.

तिकडे ऑस्ट्रेलियात इंग्रजांच्या सिडनी बंदरावर १८१४ पासून कॅप्टन जॉन पायपर हा नेव्हल ऑफिसर होता. नाव नौदलाचं पण काम सगळं वसुलीचं, जहाजावरच्या मालाची जकात, दारूवरचा टॅक्स, बंदराची फी हाच गोळा करे अन् त्यातले ५ टक्के याचे. जहाजं वाढली तशी कमाई वाढली, वर्षाले ४००० पौंडाच्या वर गेली, मग काय, खाडीच्या काठावर टोलेजंग बंगला, पार्ट्या, बँड! त्या जागेला आजही पॉइंट पायपरच म्हणतात. १८२७ मधे गव्हर्नर डार्लिंगनं चौकशी लावली तं १२००० पौंडाच्या वर तूट निघाली. खाल्ले म्हणावं तं तसंही नाही, नुसता ढिसाळ कारभार. सस्पेंड झाला, होडीतून समुद्रात जाऊन उडी मारली, खलाशांनी ओढून काढला म्हणून वाचला.

अन् आपल्याकडे इंग्रजांचा गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसनं कलेक्टरला महिन्याला १५०० रुपये पगार देऊन वरून वसुलीचा १ टक्का दिला होता. म्हणजे आधी पोटभर पगार, मग टक्का. आमच्या पाणीवाल्याचं, म्हणजे गावाला नळ सोडणाऱ्या पंचायतीच्या माणसाचं उलटं आहे, टक्का भरला नाही तं हक्काच्या पगारालाच कात्री.

आमचा भाग खारपाणपट्ट्याचा, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, सगळी भिस्त शहानूर धरणाच्या नळावर. हा बिचारा अंधारातच पाना घेऊन वालच्या खड्ड्यात उतरते, पावसाळ्यात तं आत गुडघाभर गाळ, कधी साप, पण पाणी सुटते. वसुली त्याच्या हातात आहे का? कापूस-सोयाबीन विकल्याशिवाय लोकं घरटॅक्स भरत नाहीत, भाव पडला तं तेही नाही, अन् निवडणुकीच्या वर्षात तं पाणीपट्टीचं नावच कोणी काढत नाही. मार्च एंडिंगला मात्र सगळ्यांची नजर त्याच्यावर. पायपरच्या हातात निदान जहाज अडवायची ताकद होती, याच्या हातात फक्त पाना.

तवा पगार पूर्ण अन् वेळेवर द्या, वसुलीचा जाब नळ कापायचा अधिकार ज्यांच्याकडे आहे त्यांना विचारा. बाकीदारांची यादी पंचायतीच्या बोर्डावर लावून पहा एकदा, वरची चार-पाच नावं कोणाची निघतील हे लहान पोरगंही सांगेल, म्हणूनच तं ती लागत नाही.

एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती