कोन मोजल्याशिवाय ‘उलट्या’ नाण्याची बातमी नको

मा. संपादक,
स.न.

दोन्ही बाजूंचे छाप एकमेकांशी जुळत नाहीत अशा नाण्यांची छायाचित्रे अधूनमधून छापून येतात आणि शेजारी ‘दुर्मीळ’ असे लिहिलेले असते. नाण्याचा छाप किती अंशांनी फिरला आहे, कोणत्या दिशेला, आणि त्या देशाच्या नाण्यात मुळात सरळ कशाला म्हणतात, हे मात्र बातमीत नसते. या तीन गोष्टी कळल्याशिवाय त्या नाण्याबद्दल काहीच ठरवता येत नाही.

तिसरी गोष्ट आधी पाहू. रुपया, पौंड, युरो यांची आजची नाणी मेडल मांडणीची असतात. नाणे वरच्या-खालच्या कडेला चिमटीत धरून पुस्तकाच्या पानासारखे उलटले की मागचा छाप सरळ दिसतो. अमेरिकेची नाणी आणि फ्रान्सचे जुने फ्रँक कॉइन मांडणीचे. ती डाव्या-उजव्या कडेला धरून वर-खाली उलटायची. पानासारखी उलटली तर मागची बाजू डोक्यावर उभी दिसते. अमेरिकी क्वार्टर हाती आल्यावर ‘१८० अंशांचा दोष’ सापडला असे अनेकांना वाटते, ते यामुळेच. शिवराईसारख्या हातोड्याने पाडलेल्या नाण्यांना तर हा हिशेबच लागू होत नाही. तेथे वरचा ठसा (छाप उमटवणारा साचा) हाताने धरला जाई, त्यामुळे कोन कोणताही येई.

यंत्रावर दोष येतो तो ठसा फिरल्यामुळे. दोन ठसे आपापल्या पकडीत स्क्रूने किंवा खाचेने अडकवलेले असतात. मिनिटाला कित्येकशे ठोके बसत असताना स्क्रू सैल पडला, तर ठसा हळूहळू सरकत जातो. म्हणून एकाच ठशांच्या जोडीतून १०, ४०, ९० असे निरनिराळे कोन मिळतात. ठसा मुळातच चुकीचा बसवला असेल तर मात्र सगळ्या नाण्यांत एकच कोन येतो. चार-पाच अंशांचा फरक नेहमीचाच असतो. तो दोष म्हणून धरू नये. साधारण १५ अंशांपुढे संग्राहक लक्ष देतात. ९० अंश आणि त्यापुढच्या नाण्यांना जास्त मागणी असते, १८० ला सर्वाधिक.

बहुकोनी नाण्यांत एक खुबी आहे. ठशाचा माथा कॉलरच्या (ठोका बसताना नाण्याची कड धरून ठेवणाऱ्या कड्याच्या) आकारातच बसावा लागतो, त्यामुळे ठसा हवा तसा फिरू शकत नाही. ब्रिटनच्या सात बाजूंच्या ५० पेन्सवर फिरकी आली तर ती सुमारे ५१.४ अंशांच्या टप्प्यांतच येईल. अशा नाण्यावर कोणी २० अंश सांगत असेल तर आधी त्याचे मोजमाप तपासावे.

मोजताना बहुतेकांची चूक बोटांत होते. नाणे उलटताना ते चिमटीत किंचित फिरते. त्यापेक्षा पारदर्शक खिडकीच्या चौकोनी पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये पुढची बाजू काठाशी काटेकोर सरळ बसवावी, होल्डर पानासारखा उलटावा आणि मागच्या बाजूचा कल कोनमापकाने वाचावा. आधाराला अक्षरांची ओळ किंवा चित्रातली उभी रेषा घ्यावी, चेहऱ्याचा कल नव्हे. कोनमापक नसेल तर घड्याळ कल्पावे: माथा दोनच्या आकड्याकडे असेल तर ६० अंश, घड्याळाच्या दिशेने. मग मागची बाजू सरळ बसवून पुढची वाचावी. आकडा आणि दिशा दोन्ही तेच यायला हवेत. आले नाहीत, तर बसवतानाच चूक झाली. कॉइन मांडणीच्या नाण्याला होल्डर वर-खाली उलटावा. होल्डर पीव्हीसीचा नको, त्यामुळे नाण्यावर हिरवट चिकट थर येतो.

बनावटीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. द्विधातू नाण्यातला (मध्ये एका धातूचा गाभा, भोवती दुसऱ्या धातूचे कडे) गाभा दाबून काढून फिरवून परत बसवला जातो, आणि ते नाणे ‘फिरलेल्या ठशाचे’ म्हणून विकले जाते. ओळखणे सोपे आहे. ठशाचा ठोका बसतानाच गाभा आणि कडे एकत्र जोडले जातात. म्हणून खऱ्या दोषात प्रत्येक बाजूचे चित्र सांध्यावरून अखंड जाते, फक्त दोन बाजूंचे आपसातले नाते बदलते. गाभा फिरवलेल्या नाण्यात सांध्यावरच्या रेषा दोन्ही बाजूंना तुटतात. दुसरा प्रकार जादूगारांच्या नाण्यांचा: एक नाणे आतून कोरून त्यात दुसऱ्याची पातळ केलेली चकती बसवलेली असते. दहापट भिंगाने कडेच्या आतल्या बाजूने फिरत पाहिले की बारीक सांधा सापडतो. वजन बहुधा चुकते आणि बोटाच्या टोकावर तोलून हलकेच ठोकले तर आवाज बद्द येतो.

दोन बाजूंची दोन वेगळी छायाचित्रे हा पुरावा नव्हे, ती संगणकावर कशीही फिरवता येतात. आमची विनंती एवढीच की, असे नाणे छापण्यापूर्वी एक छायाचित्र मागवावे: नाणे कडेवर उभे, पुढची बाजू सरळ, मागे आरसा. एकाच चौकटीत दोन्ही बाजू येतात. आरशात वर ते वरच राहते, त्यामुळे मेडल मांडणीच्या निर्दोष नाण्याचा मागचा छाप सरळ दिसेल. फिरलेल्या छापाचा कल मात्र आरशात उलट्या दिशेला दिसतो. बातमीत दिशा लिहिताना तेवढी ती बदलून घ्यावी.

आपले,
काही नाणेसंग्राहक