“लहानपणी सांधे सुजले होते का?” असं विचारणाऱ्या डॉक्टर मॅडमना

मॅडम नमस्कार,

ओळखलं का माहीत नाही. अशोक चौकाकडचा मोटार रिवाइंडिंगवाला, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत रात्री दीडला आक्काला रिक्षात घालून सिव्हिलला आणलेला, आणि “मॅडम झडप म्हणजे आमचा एनआरव्हीच की, पाणी मागं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह” म्हणून तुमचं डोकं खाल्लेला तोच मी. तुमचं नाव इथं लिहीत नाही, न विचारता लिहिणं बरं नाही. तुमचं शिक्षण संपलं आणि तुम्ही सोलापूर सोडलं एवढं वॉर्डातल्या मावशींनी सांगितलं, नंबर कुणाकडंच नाही, म्हणून असं उघड्यावरच लिहायलोय, कुणीतरी पोचवेल तुमच्यापर्यंत.

आक्काचं आता बरं आहे. हे आधी सांगतो, नाहीतर तुम्ही सगळं वाचेपर्यंत काळजी करत बसाल.

त्या रात्रीचं तुम्हाला एवढं आठवणार नाही, तुमच्याकडं रोजच्या दहा केसेस. पण आमच्या घरात ती रात्र अजून तशीच आहे. आक्का तेव्हा ३३ वर्षांची, दिवसाला हजार विड्या वळणारी बाई, मांडीवर सूप घेऊन सकाळी बसली की संध्याकाळीच उठायची. धाप लागायला सुरुवात झाली दुसऱ्या बाळंतपणात, सातव्या महिन्यात, तेव्हा सगळे म्हणले पोट आहे, लागतीच की धाप. बाळंतपण झालं, जरा कमी आलं, मग परत सुरू. एका डॉक्टरनं छातीला नळी लावली न लावली, “काय काम करता?” विचारलं, विड्या म्हणल्यावर विषयच संपला. तंबाखूची धूळ, दमा, पंप घ्या. दोन वर्षं आक्का तो पंप ओढायली होती. आम्हीपण तेच धरून बसलो, कारण आमच्या पूर्वभागात कुणाला विडीचा खोकला आणि कुणाला मागाच्या कापसाचा, खोकला म्हणजे नवल नाहीच. आडवं झालं की खोकला यायचा म्हणून ती भिंतीला टेकून बसून झोपायची, तेही आम्हाला दम्याचंच वाटलं. त्या दिवशी गर्दीत नंदीध्वज बघायला गेली, घरी येऊन जिना चढली, आणि रात्री तोंडातून गुलाबी फेस.

तुम्ही ऑक्सिजन लावला, लघवीचं इंजेक्शन दिलं, तासाभरात तिचा श्वास खाली बसला. त्यासाठीपण आभार आहेतच, पण हे पत्र त्यासाठी नाही. इंजेक्शन दुसऱ्यानंही दिलं असतं. पहाटे चारच्या सुमाराला तुम्ही परत आलात, कुणी बोलावलं नव्हतं, आक्काला डाव्या कुशीवर वळवलं, स्टेथोस्कोपची लहान बाजू छातीच्या टोकाला लावून डोळे मिटून कितीतरी वेळ ऐकत बसलात. मला वाटलं मॅडमला झोप लागली. मग डोळे उघडून आमच्या आईला विचारलंत, “हिचे लहानपणी सांधे सुजले होते का?”

आई दोन मिनिटं गप्पच. मग म्हणली, “हो की. सहावीत होती. आज गुडघा तर उद्या मनगट, दोन महिने शाळा बुडाली.” वारं म्हणून तेल चोळलं होतं, आपोआप गेलं. त्याच्या आधी घसा दुखून ताप आला होता का हे तुम्ही विचारलंत तेव्हा आईला आठवेना, आणि तुम्ही म्हणालात, कुणाच्याच आईला आठवत नाही ते.

ते जे तुम्ही सांगितलंत ते मी आता आमच्या गल्लीत किमान वीस जणांना सांगितलंय. घशात एक जंतू येतो, स्ट्रेप्टोकॉकस, जास्त करून ५ ते १५ वर्षांच्या पोरांना. शरीर त्याच्याशी भांडायला फौज तयार करतं, पण त्या जंतूचं अंग आणि आपल्या हृदयाचं, सांध्याचं अंग थोडं सारखं दिसतं, म्हणून फौज गफलत करती आणि दोन-तीन आठवड्यांनी घरच्याच माणसाला धरून हाणती. सांधे सुजतात आणि काही न राहता बरे होतात, झडपेवरचा व्रण मात्र राहतो. तुमच्या पुस्तकातली ती म्हण, हा ताप सांध्यांना चाटतो आणि हृदयाला चावतो, ती आईला एवढी लागली की ती मधेच कधीतरी अजून पुटपुटती. मी तिला सांगतो तुझी चूक नाही, तेव्हा कुणाला माहीत होतं, पण आई ती आई.

आता झडपेचं. तुम्ही ईसीजीच्या कागदाच्या मागं चित्र काढायला घेतलं, चार खोल्या, वर दोन खाली दोन, आणि मला धंदा विचारला. मोटारी, बोअर, प्लंबिंग म्हणल्यावर तुम्ही हसलात आणि म्हणालात मग तुम्हाला अर्धं येतंच. मॅडम, खरं सांगू का, तोपर्यंत हृदय म्हणजे मला काळीज तुटलं, काळीज फाटलं एवढंच ठाऊक. एका खोक्यात दोन पंप आहेत हे पहिल्यांदा कळलं. उजवीकडचा बारका, त्याला फक्त शेजारच्या फुप्फुसाला रक्त द्यायचंय, त्याचं प्रेशर २५ च्या आसपास. डावीकडचा दणकट, त्याला मेंदूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत चढवायचंय, त्याचं १२०. एका ठोक्याला साधारण ७० मिली, मिनिटाला पाच लिटर, दिवसाला लाखभर ठोके. मी हिशोब केला, सात हजार लिटर! आमच्या टाक्या हजार लिटरच्या, म्हणजे सात टाक्या रोज, आणि बेअरिंग बदलणं नाही, वाइंडिंग जळणं नाही.

आणि झडपा चार. मी एनआरव्ही म्हणलो ते तुम्ही बरोबर धरलंत, पण एक दुरुस्ती केलीत ती मला फार आवडली. झडपेला स्वतःची ताकद नाही, डोकं नाही, तिला उघड म्हणून कुणी सांगत नाही, अलीकडं प्रेशर जास्त झालं की उघडती, पलीकडं जास्त झालं की मिटती. इथपर्यंत आमचंच. पण वरच्या आणि खालच्या खोलीमधल्या ज्या दोन झडपा, त्यांच्या पडद्यांना खालून दोऱ्या बांधल्यात, बारीक, पॅराशूटसारख्या, आणि त्या दोऱ्या धरायला आतून मांसाचे खुंट आहेत. खालची खोली आवळली की खुंटपण आवळतात, दोऱ्या ताठ राहतात, म्हणून पडदा वरच्या खोलीत उलटत नाही. हे ऐकून बाजूच्या खाटेवरचे मागावाले मामा उठून बसले, म्हणले आमचा ताणा, मागावरचे उभे धागे, तोपण असाच, सैल पडला की कापडाची वाट लागली. तुम्ही म्हणालात अगदी तसंच, दोरी सैल झाली किंवा तुटली की झडप गळती, रक्त मागं जातं.

मग तुम्ही ते केलंत जे मी मरेपर्यंत विसरणार नाही. स्टेथोस्कोप आधी माझ्या छातीला लावून माझ्या कानात घातलात. लब् डब्. आणि सांगितलंत की हा पंपाचा आवाज नाही, दारं बंद झाल्याचा आहे. लब् म्हणजे वरच्या-खालच्या खोलीतल्या दोन्ही झडपा मिटल्या, डब् म्हणजे बाहेर जायच्या दोन मिटल्या. मला एकदम लख्ख पडलं, कारण बोअरची मोटार बंद केली की वर चढलेलं पाणी खाली यायला बघतं आणि एनआरव्ही टक्कन बसतो, तो टक् ऐकूनच मी गिऱ्हाइकाला सांगतो व्हॉल्व्ह शाबूत आहे का गेला. वीस वर्षं मी तेच काम करायलोय जे तुम्ही करायलाय, फक्त माझा पेशंट बोलत नाही. मग आक्काला लावला. लब् कडक, चपराक मारल्यासारखा, डब्, त्याच्या मागं एक बारीक टिचकी, आणि मग लांबून ट्रक घाट चढावा तशी घरघर. ती घरघर दोन वर्षं तिच्या छातीत होती. मग तुम्ही तिच्याच कानात घातलात. आक्का ऐकत राहिली आणि म्हणली, “हे बाई मीच का?”

दोन दिवसांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली. डाव्या बाजूची वर-खालची झडप, मायट्रल. तिचे दोन पडदे कडेला एकमेकांना चिकटून जाड झालेले. नॉर्मल माणसाला ती उघडली की ४ ते ६ चौरस सेंटीमीटर जागा होती, आक्काची ०.९. मला चौरस सेंटीमीटर कळत नाही म्हणून मी पाइपात बसवलं, आणि बघा बरोबर येतं का. नॉर्मल म्हणजे एक इंची लाइन. आक्काची अर्ध्या इंचीलापण कमी. एक इंची लाइनीत अर्धा इंची रिड्यूसर टाकला की मागं काय होतं ते मला शिकवायला नको, मागच्या लाइनीत पाणी तुंबतं आणि जॉइंट पाझरायला लागतात. तिच्या मागची लाइन म्हणजे फुप्फुस. पाझरलं ते तिथं. दमा कुठला आणि काय कुठलं.

पळालं, चढलं की धाप जास्त का लागती हेपण मी विचारलं होतं, कारण माझं म्हणणं होतं पंप जोरात चालला तर पाणी जास्त यायला पाहिजे. तुम्ही मलाच उलट विचारलंत, तुमच्याकडं पाणी किती दिवसांनी येतं? म्हणलं चार-पाच दिवसाआड, तेपण थोडाच वेळ. मग नळ बारीक असला आणि पाणी अर्धाच तास आलं तर टाकी भरती का? तिथं माझं तोंड बंद. खालची खोली भरती ती हृदयाच्या विसाव्याच्या वेळात, ठोके वाढले की तो विसावाच कमी होतो, झडप बारीक असली की भरायला वेळ पुरत नाही. म्हणून तुम्ही ठोके हळू करायची गोळी दिलीत. सोलापूरकराला हे समजवायला याच्याहून सोपं उदाहरण देवालापण सुचलं नसतं, आणि तुम्ही तर सोलापूरच्या नव्हतात.

तुम्ही भीतीपण लपवली नाहीत, त्याचे वेगळे आभार. वरची खोली ताणून मोठी झाली की ती आवळायची सोडून नुसती थरथरायला लागती, रक्त तिथं साचतं, गाठ होती, आणि गाठ मेंदूत गेली की लकवा. आक्काचे ठोके अजून सरळ होते, नशीब. घशातून नळी घालून गाठ नाही ना तेपण बघितलं.

पुढं तुम्ही चिठ्ठी लिहून जिथं पाठवलंत तिथं महात्मा फुले योजनेतून बलून झालं. रेशन कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळेना म्हणून आठ दिवस गेले ते सोडून द्या. बलून म्हणजे मांडीच्या शिरेतून तार वर, उजव्या वरच्या खोलीत, तिथून मधल्या पडद्याला सुईनं भोक पाडून डावीकडं, आणि तिथून त्या चिकटलेल्या झडपेत फुगा. इनोये नावाच्या जपानी सर्जनचं डोकं, १९८० च्या दशकातलं. मला त्यातली गंमत तिथल्या टेक्निशियनदादांनी सांगितली, फुगा एकदम फुगत नाही, आधी पुढचं टोक फुगतं, मग ओढून झडपेला टेकवतात, मग मागचं टोक, म्हणजे तो झडपेत अडकून बसला, सुटत नाही, आणि शेवटी कंबर फुगती ती चिकटलेले सांधे उकलती. काही सेकंदांचं काम, आणि पेशंट जागा! आक्का म्हणली छातीत एकदा भरून आल्यासारखं झालं आणि मग मोकळं. आता १.८ आहे, म्हणजे माझ्या हिशोबात अर्धा इंचीच्या वर, पाऊण इंचीच्या खाली. एक इंची परत होणार नाही हे तुम्ही आधीच सांगितलं होतं, आणि पुढं कधीतरी परत चिकटू शकती हेपण.

तिथं शेजारच्या खाटेवर बार्शीकडच्या एक बाई होत्या, त्यांची झडप दगडासारखी झालेली, फुग्यानं भागण्यातली नव्हती, म्हणून बदललेली. चित्रा व्हॉल्व्ह, तिरुअनंतपुरमला बनवलेला, १९९० पासून माणसाला बसवतात म्हणे. गोल चकती तिरकी होऊन उघडती, म्हणजे आमचा बटरफ्लाय व्हॉल्व्हच की हो. रात्री वॉर्ड शांत झाला की त्यांच्या छातीतून घड्याळासारखं टिक टिक ऐकू यायचं. त्यांना रक्त पातळ करायची गोळी जन्मभर, आणि त्याची तपासणी सारखी. आक्काचं तेवढ्यावर गेलं नाही.

तिचं पेनिसिलीनचं इंजेक्शन दर २१ दिवसांनी चालू आहे, घसा परत धरू नये म्हणून. लई दुखतं म्हणती, दोन दिवस लंगडती, मला शिव्या देती, पण चुकवत नाही, कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यासारखी खूण करती. विड्या अजून वळती, पाचशेवर आली, तुम्ही सोडा म्हणाला होतात ते जमलेलं नाही, खरं तेच सांगतो. आडवी झोपती मात्र. पहिल्या रात्री ती सपाट झोपलेली बघून आईनं घाबरून तिला हलवून उठवलं होतं.

आणि मागच्या महिन्यात तिच्या पोरीचा, नऊ वर्षांची आहे, घसा दुखून ताप आला तर आक्का दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन दवाखान्यात. डॉक्टर म्हणले एवढी काय घाई, तर हिनं त्यांना सगळं स्ट्रेप्टोकॉकसचं पुराण ऐकवलं, तुमच्याच शब्दांत.

तो ईसीजीचा कागद मी दुकानात वाइंडिंग मशीनच्या वर लावलाय, प्लास्टिक घालून, कारण त्या कागदावरची छपाई उडती, पण तुमचं पेनाचं चित्र मागच्या बाजूला आहे, ते टिकलंय. एका शिकाऊ पोरानं विचारलं उजवं-डावं उलटं का काढलंय, तर मी ऐटीत सांगितलं, पेशंट आपल्याकडं तोंड करून बसलाय असं धरायचं असतं.

आईनं शेंगा चटणी कुटून ठेवलीय, लसूण जास्त घातलेली, तुम्ही वॉर्डात आमच्या डब्यातली खाल्ली होती ती. कडक भाकरी पण आहे, महिनाभर टिकती. पत्ता तेवढा कळवा.

तुमचा,
मोटारवाला, अशोक चौक