लोंगेवालाच्या सुभेदारसाहेबांस

आदरणीय सुभेदारसाहेब,
जय हिंद.

हे पत्र मराठीत लिहितोय. माझी नात ते फोनवर तुम्हाला हिंदीत सांगणार आहे. तुम्ही जे केलंत ते चारचौघांसमोर केलंत, तेव्हा आभारही चारचौघांत मानायला हवेत, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय.

राजस्थान सीमेवरच्या लोंगेवाला चौकीच्या १९७१ च्या लढाईच्या स्मरणार्थ डिसेंबरात झालेल्या त्या कार्यक्रमात मला अगदी मागे बसवलं होतं. पुढच्या खुर्च्या ‘प्रत्यक्ष लढलेल्यांसाठी’ होत्या आणि यादीत माझ्या, म्हणजे हवाई दलात विमानांवर दारूगोळा चढवणाऱ्याच्या, नावापुढे ‘ग्राउंड स्टाफ’ असं लिहिलेलं. मला हे नवीन नव्हतं. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात कागद घेऊन गेलो होतो, तेव्हा टेबलामागच्या माणसाने मानसुद्धा वर न करता विचारलं, “म्हणजे तुम्ही नुसता दारूगोळा भरायचात?” मी कागद उचलले आणि घरी आलो. पुन्हा तिकडे फिरकलो नाही. आमच्यातले कितीतरी जण असं काहीतरी ऐकून गप्प बसले आणि गप्पच गेले. याचा मला अजून राग आहे.

तुम्ही मात्र पहिल्या रांगेतून उठलात आणि काठी टेकत मागे आलात. संयोजक तुम्हाला परत न्यायला धावले, तर त्यांना म्हणालात, “त्या सकाळी आम्ही यांचीच वाट बघत होतो.” आणि माझ्या शेजारी बसलात. एवढ्यावरच थांबला असतात तरी जन्मभर पुरलं असतं. पण थोड्या वेळाने माझा हात धरून हळूच विचारलंत, “उस रात आप लोगों ने खाना खाया था?”

सुभेदारसाहेब, इतक्या वर्षांत हे मला कोणीच विचारलं नव्हतं, घरच्यांनीही नाही. आणि विचारलं कोणी? ज्याने ४ डिसेंबर १९७१ ची रात्र लोंगेवालाच्या चौकीवर काढली त्याने. जेमतेम १२० जणांची तुमची कंपनी, समोर पाकिस्तानचे रणगाडे आणि दोन हजारांवर फौज, डोक्यावर तोफगोळे. तुमच्याजवळ जीपवर चढवलेली रणगाडाविरोधी रिकॉइललेस तोफ, थोडे सुरुंग आणि काटेरी तार. अशा रात्रीतून वाचलेला माणूस तिकडे विमानतळावर असलेल्या माझ्या जेवणाची चौकशी करतो! माझा कंठ दाटला आणि उत्तर राहिलं. ते आज देतो.

संध्याकाळचं जेवण झालं होतं. त्यानंतर सकाळपर्यंत चहा, तोही गार झालेला. भूक लागल्याचं आठवत नाही.

आमच्या हंटर या लढाऊ विमानाला रात्री लढता येत नसे. अंधारात जमिनीवरचं लक्ष्य हुडकायचं साधनच त्याच्यात नव्हतं. तुमचे कंपनी कमांडर मेजर कुलदीपसिंग चांदपुरींचा निरोप जैसलमेरच्या आमच्या तळावर आला, तेव्हा तळप्रमुख विंग कमांडर बावांनी उजाडताच विमानं पाठवायचं कबूल केलं. आम्हा खालच्या लोकांना एवढंच कळलं की पुढे आपली एक चौकी आहे, तिच्यावर रणगाडे आलेत आणि पहिल्या उजेडाला विमानं तयार हवीत.

हंटरच्या पोटाखाली ३० मिलिमीटरच्या चार एडन तोफा एकाच चौकटीत बसवलेल्या असतात. ती अख्खी चौकट खाली घ्यायची आणि भरलेली दुसरी वर चढवायची. पंखांखाली टी-१० रॉकेटं. आदल्या संध्याकाळी शत्रूने आपल्या विमानतळांवर हल्ले केलेले, त्यामुळे कडक ब्लॅकआउट. टॉर्चच्या काचेवर कागद लावून काम चाललेलं. वाळवंटातली थंडी तुम्हाला मी काय सांगणार? धातूला हात लावला की बोटं बधिर व्हायची. पण हातमोजे घातले की रॉकेट नीट बसलंय का ते बोटांना कळत नाही, म्हणून ते काढूनच ठेवायचे. वैमानिक रणगाड्यावर सूर मारणार, बटण दाबणार आणि रॉकेट सुटलंच नाही तर? रात्रभर डोक्यात एवढंच होतं. प्रत्येक रॉकेट मी पुन्हा चाचपून बघत होतो.

उजाडल्यावर विमानं गेली. मग दिवसभर तेच: विमान उतरलं की भरायचं आणि सोडायचं. प्रत्येक परतणाऱ्या हंटरच्या पंखाखाली मी आधी वाकून बघायचो. रॉकेटं सुटलेली दिसली की मनातल्या मनात त्या न पाहिलेल्या चौकीला सांगायचो, अजून थोडा वेळ तग धरा.

तिकडे काय चाललं होतं ते तुमच्याकडून ऐकलं. मेजर आत्मासिंग आपलं कृषक नावाचं छोटंसं टेहळणी विमान घेऊन घिरट्या घालत होते आणि हंटरना रणगाडे दाखवत होते. हंटरपासून वाचायला रणगाडे वाळूत गोल गोल फिरत होते. वाळूवर उमटलेल्या त्या चाकोऱ्यांचा विमानातून काढलेला फोटो पुढे सगळ्या देशाने पाहिला.

लोंगेवाला पायदळाने राखलं की हवाई दलाने, यावर पुढे बड्या हुद्द्यांची माणसं जाहीरपणे भांडली. वाचून फार वाईट वाटायचं. तुम्ही रात्रभर चौकी सोडली नाही, म्हणून सकाळी रणगाडे उघड्या वाळूवर सापडले. विमानं आली, म्हणून सकाळनंतरही चौकी उभी राहिली. यात भांडण्यासारखं काय आहे? तुम्ही त्या वादात एक शब्दही बोलला नाहीत. सरळ उठून माझ्या शेजारी येऊन बसलात. मोठ्या मनाचा माणूस श्रेय मोजत बसत नाही. अशी माणसं गावोगाव असतात, त्यांच्यावाचून ना पलटण चालते ना संसार. पण त्यांचे आभार मानायचे राहूनच जातात.

त्या रात्री माझ्याबरोबर राबलेले बहुतेक सोबती आता नाहीत. तुमचा प्रश्न त्यांनाही होता असं मी धरतो आणि त्यांच्या वतीनेही तुम्हाला सॅल्यूट करतो.

जानेवारीत आमच्याकडे ज्वारी हुरड्यात येते. वहिनींना घेऊन या, चांगले आठ दिवस राहा. स्टेशनवर गाडी घेऊन मुलगा येईल. तारीख नातीला फोनवर सांगा.

आपला,
जैसलमेरचा एक आर्मरर
(निवृत्त, भारतीय हवाई दल)