चि. बाळ्यास, रोमिंगच्या बिलावरून

चि. बाळ्या,
अनेक आशीर्वाद.

हे व्हॉट्सअपवरच लिहितेय, वायफायच्या टप्प्यात आलास की वाच, घाई नाही. त्या दिवशी फोनवर मी जरा जास्तच बोलले. बिल हातात होतं ना. नऊ हजार तीनशे चाळीस रुपये, ते पण अण्णांच्या नावावरच्या पोस्टपेडला, आणि त्याच आठवड्यात विहिरीच्या मोटारीचं झालेलं. म्हणून तोंडातून गेलं की लष्करात गेलास का फोनवर गप्पा मारायला. तू "बरं आई, नाय करत फोन" म्हणलास आणि ठेवलास. आज नववा दिवस. मी मोजत नाहीये, दुकानात कॅलेंडर समोरच टांगलंय म्हणून दिसतं.

मग मी ते बिल शांतपणे काढून बसले. कॉलचे पैसे सगळे मिळून सव्वाचारशे पण नाहीत बाळ्या. बाकी सगळा डेटा. तू शांतिसेनेबरोबर दक्षिण सुदानात जुब्याला उतरलास त्या दिवशी डेटा रोमिंग चालू राहिलं, पॅक घातलेला नव्हता, आणि सुट्टीतले चिमीच्या वाढदिवसाचे फोटो अन् व्हिडिओ एकामागून एक आपले आपण गुगलवर चढत बसले. म्हणजे मी ज्याच्यावरून ओरडले ते तू केलंच नव्हतं. बावीस वर्षं रिचार्जचा धंदा करते, नागठाण्याच्या बाजारात लोक मला विचारून पॅक मारतात, आणि पोराच्या फोनचं ते एक बटण बंद केलंय का ते मी बघितलं नाही. आता बघ, सेटिंगमध्ये सिमच्या जागी जाऊन डेटा रोमिंग बंद, आणि फोटोंचा बॅकअप फक्त वायफायवर. आत्ताच कर, मग पुढचं वाच.

तर आता व्यवस्था सांगते. आपलं इकडचं सिम काढून टाकू नकोस. बँकेचे ओटीपी त्याच्यावरच येतात. बाहेरच्या देशाचे नंबर यूपीआयला चालतात म्हणून मध्ये कोण तरी तुला म्हणलं होतं ना, ती 2023 ला दहा देशांची यादी निघालेली, त्यात अमेरिका इंग्लंड सौदी दुबई आहे, तुझा दक्षिण सुदान नाही. म्हणून हे सिम दुसऱ्या खाचेत झोपलेलं राहू दे. रोमिंगमध्ये येणाऱ्या मेसेजला पैसे पडत नाहीत, पण येणारा कॉल उचललास तर पडतात, त्यामुळं त्या नंबरवर कोणाचा पण कॉल आला तर कट करायचा, मामाचा आला तरी. मामाचा आला तर आधी कट करायचा.

सोमवारी अण्णा साताऱ्याला जाऊन ते पोस्टपेडचं प्रीपेड करून आणणार आहेत. प्रीपेडला जेवढं भरलं तेवढंच जातं, असलं बिल परत येणार नाही. ओटीपी मात्र तुझ्या मोबाईलवर येणार. आपले अकरा म्हणजे तुझे साडेसात, त्या वेळेला रेंजमध्ये उभा रहा आणि आला की लगेच पाठव. आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू ठेवायचं अण्णांना दोनदा सांगितलंय, ते बंद पडलं तर ओटीपी यायचेच बंद होतील. 2024 च्या जुलैत सगळ्या खाजगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हापासून नुसतं सिम जिवंत ठेवणं पण महाग झालंय, पण 2025 च्या जानेवारीपासून डेटा नसलेले, फक्त बोलणं आणि मेसेजवाले पॅक मिळायला लागलेत, तुला तेवढाच मारायचा. म्हातारी माणसं माझ्याकडं तोच मारतात. हसू नकोस.

बोलायला आणि नेटला तिथलंच सिम घे. तिथं एमटीएन आणि झेन आहेत ना, एक दक्षिण आफ्रिकेची, दुसरी कुवेतची. एअरटेलने 2010 ला झेनचा आफ्रिकेतला बराच धंदा विकत घेतला पण तेव्हाचा अखंड सुदान त्यात नव्हता, नाहीतर तुला तिकडं पण आपल्या ओळखीची पाटी दिसली असती. दोन्हीतलं चांगलं कुठलं ते मला विचारू नकोस आणि पुण्याच्या दाजींना तर मुळीच विचारू नकोस. कॅम्पच्या जवळ ज्याचा टॉवर ते चांगलं. तुमच्या आधी जी पलटण तिथं होती त्यांच्यातल्या कोणाला विचार, कुठल्या कोपऱ्यात रेंज येते ते त्यांनाच माहीत. सिम स्वतःच्या आयडीवर घे, दुसऱ्याच्या नावाचं रस्त्यावर मिळालं तर घेऊ नकोस. आणि एकदम मोठा रिचार्ज मारू नकोस, तिथला पौंड सारखा घसरतो म्हणतात, थोडाथोडा मार.

ते प्रवासाचं ई-सिम अजिबात नको, ते आठ दिवस फिरायला जाणाऱ्यांसाठी असतं, वर्षभर राहणाऱ्याला एकेका जीबीला तेवढे पैसे परवडत नाहीत. व्हॉट्सअपवर बोलताना नुसता आवाज ठेव, मिनिटाला अर्धा-एक एमबी जातो, व्हिडिओला त्याच्या कितीतरी पट. व्हॉट्सअपच्याच सेटिंगमध्ये कॉलला कमी डेटा वापरायचं एक बटण आहे, ते चालू कर. सिम बदललं तरी व्हॉट्सअपचा नंबर बदलायचा नाही, ते विचारेल, नाही म्हणायचं. चिमीला बघायचं असेल तर वायफायवर बघ. ती आता "पपा फोनमध्ये राहतात" म्हणते. सूनबाई हसते पण मग आत जाते.

आणि तो बटणाचा फोन बॅगेत लाडवांच्या डब्याखाली घातलाय तो काढलास का? मला वाटतं काढलाच नसशील. बाराशेचा आहे, चार दिवस चार्जिंग बघायला लागत नाही. त्याच्यात कुठलं पण सिम चालतं, मुद्दाम बघून घेतलाय, एकाच कंपनीला बांधलेला नाही. अण्णा म्हणतात तिथं टॉवरच डिझेलच्या जनरेटरवर चालतात, डिझेल संपलं किंवा पावसात गाडी चिखलात रुतली की टॉवर बंद, त्यात काळजी करण्यासारखं काय आहे. मी म्हणलं मी कुठं काळजी करतेय. बरोबर आहे ते, डिझेल संपलं असेल. नऊ दिवस डिझेल संपलेलं असू शकतं का एवढंच मी विचारलं.

बघ, लांबलंच. मी ठरवलं होतं पॅकचं तेवढं लिहायचं.

अण्णांनी बजावलंय म्हणून तुझ्या कॅम्पच्या गावाचं नाव लिहीत नाही, तू पण कुणाला लोकेशन पाठवू नकोस. कॅम्पचे फोटो नकोत, गाडीवरचे नंबर नकोत. अनोळखी बाईची रिक्वेस्ट आली, कितीही गोड बोलली तरी घेऊ नकोस, लग्न झालंय तुझं, आणि नसतं झालं तरी. 2020 ला लष्कराने एकोणनव्वद ॲप काढून टाकायला सांगितलेली, तेव्हा तू किती चिडला होतास, फेसबुकवरचे मित्र गेले म्हणून. हे सगळं तुला तिथं रोज सांगत असतील, मी कशाला सांगतेय. सोड. पण शांतिसेनेची निळी टोपी घातलेला तुझा तो फोटो मी स्टेटसला ठेवला होता हे खरंय. दीड तासात एकशे बारा जणांनी बघितला. अण्णा ओरडले म्हणून काढला, पण दुकानात गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवलाय, तो फक्त मला दिसतो, पैसे काढताना.

2013 च्या एप्रिलमध्ये तिकडंच शांतिसेनेतली आपली पाच माणसं मारली गेली होती. तू तेव्हा नववीत होतास. मी ती बातमी दुकानात टीव्हीवर बघितलेली, एका गिऱ्हाईकाचं रिचार्ज चुकीच्या नंबरवर गेलं. कधी तुला बोलले नाही. आता पण बोलायचं नव्हतं.

तुझे अण्णा सियाचेनला होते तेव्हा सॅटेलाइट फोनला मिनिटाला पाच रुपये पडायचे आणि मागे रांग उभी असायची, म्हणून ते "बरा आहे, पोरगं बरं आहे का" एवढंच म्हणायचे. 2017 च्या दिवाळीत सरकारने तो एक रुपया केला, तोवर हे घरी येऊन म्हशी बघत होते. त्याआधी ते काश्मीरला असताना आपल्याकडं तो टॉर्चवाला नोकिया आला, आठवतोय? तेव्हा आमचं ठरलेलं होतं, रात्री नऊला एक रिंग म्हणजे मी बरा आहे, उचलायचा नाही. दोन रिंगा म्हणजे बोलायचंय, उचल. वर्षभर आमचा संसार त्या रिंगांवर चालला, पैसा लागला नाही. आणि एका रात्री तू पलंगाखाली लपून बसलास आणि पहिल्याच रिंगला उचललास, "अण्णा अण्णा" म्हणून ओरडलास, तीन रुपये गेले म्हणून मी तुला धपाटा घातला. अण्णांनी नंतर पत्रात लिहिलं की पोराला मारू नकोस, त्या तीन रुपयांत मला आठ दिवस झोप लागली.

ते पत्र अजून डब्यात आहे.

तुझा तिथला पहिला कॉल, तिथल्या कुणाच्या तरी फोनवरून केलेला, मी कट केला होता ते तुला सांगायचं राहिलंच. +211 नंबर बघितला आणि वाटलं फसवणाऱ्यांचा, दुकानात रोज लोकांना सांगते की बाहेरच्या देशाचा मिस कॉल आला तर परत फोन करू नका. तीनदा कट केला. मग सूनबाईच्या फोनवर आला तेव्हा कळलं. आता तो नंबर सेव्ह केलाय, "बाळ्या सुदान" नावाने.

पैशाचं मनावर घेऊ नकोस, बिल भरलं. मोटारीचं पण मार्गी लागलं. तू बोलायचं कमी कर असं मला कधी म्हणायचंच नव्हतं. बोलायला वेळ नसेल, रेंज नसेल, अजून राग असेल, तर तिथल्या सिमवरून नुसती एक रिंग मार, न उचललेल्या कॉलला पैसे पडत नाहीत. आपले रात्री साडेनऊ, तुझे संध्याकाळचे सहा. मी उचलणार नाही.

तुझी,
आई

ता. क. चिमीला मी फोनपासून लांब बसवीन.