स्काउट-गाईडचे शिबिर मुक्कामीच हवे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जिल्हा मेळाव्यांचे दिवस आले की आपल्या दैनिकात संचलनाची, झेंडावंदनाची छायाचित्रे झळकतात. मुलांना त्या वेषात पाहून बरे वाटते. पण गाईड कॅप्टन, म्हणजे शाळेतल्या गाईड मुलींच्या पथकाची शिक्षिका, म्हणून नोकरीची बरीच वर्षे गेल्यामुळे एक गोष्ट डोळ्यांत खुपते आणि ती लिहिल्यावाचून राहवत नाही. आमच्या भागातल्या शाळांमधून मुक्कामी शिबिर जवळजवळ हद्दपार झाले आहे. सकाळी पटांगणात तंबू उभारायचा, फोटो काढायचा आणि संध्याकाळच्या आत गुंडाळायचा, यालाच आता शिबिर म्हणतात. 2024-25 मध्ये जिल्हा परिषद शाळांच्या मोफत गणवेशांपैकी एक स्काउट-गाईडला साजेसा करायचे शासनाने ठरवले होते. गणवेशाचा विचार झाला तसा शिबिराचा व्हायला हवा होता.

ही चळवळ मुळात तंबूतच जन्मली. तिचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी 1907 साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर मुलांना नेऊन मुक्कामी ठेवले. मुलांसाठीचे त्यांचे पुस्तक आले ते पुढच्या वर्षी. त्या तंबूंत बड्या घरची मुले आणि कामगारांची मुले मुद्दाम एकत्र ठेवली होती, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

मुक्कामाने काय होते ते सांगते. बालाघाटाच्या उतारावर वरची माती बोटभर, खाली सगळा मुरूम. तिथे तंबूची मेख ठोकली तर वाकडी होते. आठवीतली एक मुलगी हातोडा टाकून म्हणाली, "बाई, मेख जाईना की हो." मी मुद्दामच बोलले नाही. थोड्या वेळाने तिच्या संघातल्या पोरींनी चार मोठे धोंडे लोटत आणले, दोराला खुंटगाठ मारून ते गुंतवले आणि वरून आणखी दगड रचले. रात्री वारा सुटला तरी तंबू हलला नाही. काळ्या रानात उलटी गत असते: मेख लोण्यात सुरी जावी तशी आत जाते आणि चार थेंब पडले की तितक्याच सहज वर येते. हे फळ्यावर शिकवता येत नाही. बिनभांड्याच्या स्वयंपाकाचेही तसेच. पळसाच्या पानांत गुंडाळलेला कणकेचा गोळा पऱ्हाट्यांच्या जाळावर करपतो आणि गोवरीच्या निखाऱ्यात नीट भाजतो, हे उपाशी पोटी एकदा कळले की जन्मभर लक्षात राहते.

आता आपल्याकडच्या एका मोठ्या अडचणीकडे लक्ष वेधते. शिबिरे आणि मेळावे बहुतेक डिसेंबर-जानेवारीत होतात. नेमक्या त्याच वेळी बीड, धाराशिव, जालना, परभणीकडची कितीतरी मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली असतात. दसरा-दिवाळीला गाव सोडतात, ती हंगाम संपल्यावरच परततात. चूल मांडणे, पाणी पुरवून वापरणे, उघड्यावर आसरा उभारणे यात ही मुले इतरांचे गुरू ठरतील अशी असतात, पण संघनायकाची फीत त्यांच्या वाट्याला येत नाही. दसऱ्याआधी एक मुक्कामी शिबिर ठेवायला काय हरकत आहे? पावसाची भीती असेल तर शाळेच्याच वर्गात झोपवा, पण रात्र एकत्र काढू द्या.

आमचा औसा तालुका. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत काय झाले ते इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. पहिल्या काही तासांत ढिगारे उपसले ते हाताला लागेल त्याने, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी. दोन बांबू आणि एका घोंगडीची स्ट्रेचर करता येणारी, रक्त कुठे दाबून थांबवायचे हे ठाऊक असलेली पाच मुले गावात असणे म्हणजे काय, हे आम्ही जाणतो. 2025 च्या सप्टेंबरात परंडा तालुक्यात पुराने वेढलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. मदत पोहोचेपर्यंतचा वेळ गावालाच काढावा लागतो.

मुख्याध्यापक मुक्काम टाळतात त्यामागे कारणे आहेत, त्यांना दोष देणार नाही. काही बरेवाईट झाले तर निलंबन त्यांचेच होणार. जंगलालगत राहायचे तर वनविभागाची परवानगी, गाडी, रात्रीसाठी शिक्षिका, सगळे एका माणसाने जुळवायचे. स्काउट मास्तरकडे त्याच वेळी ऑनलाइन माहिती भरायचे कामही असते. आणि मुलींना पाठवायला पालक कचरतात ते रात्रीमुळे कमी, न्हाणीघराला कडी नसते म्हणून जास्त.

म्हणून मागणी एवढीच की मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत स्काउट-गाईडसाठी एकेक कायमची जागा ठरवावी. पटसंख्येअभावी बंद पडलेली शाळाही चालेल, फक्त तिथे उन्हाळ्यातही टिकणारे पाणी, कडीकोयंड्याची स्वच्छतागृहे आणि जवळच्या आरोग्य केंद्राशी आधीच बोलणे झालेले असावे. वर्षभराच्या परवानग्या शिक्षणाधिकारी कार्यालयाने एकदाच काढून ठेवाव्यात. लातूर जिल्ह्यात अशी जागा ठरली तर शिकवायला मी विनामोबदला येईन. माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या आणखीही काही जणी तयार आहेत.

आपली नम्र,
एक निवृत्त गाईड कॅप्टन
औसा, जि. लातूर