रजेच्या नियमांविषयी बाबांस

लीड्स, इंग्लंड,
१२ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. आईने फोनवर माझी प्रकृती विचारली आणि तुम्ही पत्रातून इथल्या प्रसूती रजेचे नियम विचारलेत, हे तुम्हा दोघांच्या स्वभावाला धरूनच झाले. महाविद्यालयाच्या कार्यालयात वर्षानुवर्षे रजेचे अर्ज तपासलेल्या माणसाचे ‘इथे सगळे नीट आहे’ एवढ्या उत्तराने समाधान होणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

तिसरा महिना सरण्याआधीच मी विद्यापीठातल्या माझ्या विभागात गरोदर असल्याची बातमी सांगितली, याचा आईला अजून राग आहे. आपल्याकडची रीत मला मान्य आहे आणि नातेवाइकांच्या बाबतीत मी ती पाळलीही. पण इथल्या १९९९ च्या सुरक्षा नियमांप्रमाणे, गरोदर कर्मचाऱ्याच्या कामातले धोके तपासून ते काम बदलून देण्याची विद्यापीठाची जबाबदारी तिने लेखी कळवल्यापासून सुरू होते. बाळाचे अवयव घडतात ते पहिल्या तीन महिन्यांतच, तेव्हा नेमक्या त्याच काळात गप्प राहणे माझ्यासारख्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाईला परवडणारे नव्हते. ईमेल पाठवल्यावर सुरक्षा अधिकारी बाई माझ्या प्रयोगांची यादी घेऊन आल्या आणि कपाटातली एकेक बाटली फिरवून तिचे लेबल वाचू लागल्या. आरएनए या पेशींतल्या रेणूवरच्या कामात आम्ही फॉर्मामाइड नावाचे द्रावक वापरतो, दिसायला अगदी पाण्यासारखे. त्याच्या लेबलावर लाल चौकटीत छातीवर चांदणी असलेली माणसाची आकृती असते आणि खाली ‘एच ३६०’ हा संकेत, म्हणजे प्रजननाला किंवा गर्भाला अपाय होऊ शकतो असा इशारा. ते काम त्याच दिवशी माझ्याकडून काढून एका सहकाऱ्याकडे दिले गेले. किरणोत्सर्गी पदार्थ मी हाताळत नाही, पण जिथे ते हाताळतात तिथेही बाईने कळवल्यापासून उरलेल्या गरोदरपणात गर्भाला एक मिलिसिव्हर्टपेक्षा (हे किरणोत्सर्गाची मात्रा मोजण्याचे एकक) जास्त मात्रा पोहोचू नये असे बंधन आहे.

सगळेच इतके चोख नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना विसावा घेता येईल, गरज पडल्यास आडवे होता येईल, अशी सोय कामाच्या ठिकाणी असावी असा १९९२ पासूनचा नियम आहे. आमच्या इमारतीत अशी खोली नकाशावर होती. प्रत्यक्षात तिच्यात जुने संगणक आणि मोडक्या खुर्च्या रचून ठेवलेल्या होत्या आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच सांगता येत नव्हते. शेवटी आमच्या विभागातल्या लिपिक बाईंनी त्या नियमाचा हवाला देऊन पत्र लिहिले, तेव्हा कुठे ती रिकामी झाली. तुम्ही त्या जागी असता तर असेच केले असते, असे मला त्या वेळी वाटून गेले.

आता पगाराचे. कायद्याने ५२ आठवडे रजा मिळते, त्यांपैकी ३९ आठवडे पैसे मिळतात: पहिले सहा आठवडे सरासरी पगाराच्या ९० टक्के आणि पुढचे ३३ आठवडे सरकारी ठराविक दराने. हा दर २०२५-२६ साठी आठवड्याला १८७ पौंड १८ पेन्स ठरला आहे, आणि त्यात एकट्याने घरभाडेसुद्धा भागत नाही. विद्यापीठ सुरुवातीचे काही आठवडे पूर्ण पगार देते, म्हणून आमचे निभेल. तपासणीसाठी पगारी वेळ मिळतो. तुमच्या जावयांनाही अशा दोन तपासण्यांना सोबत येण्याचा हक्क आहे, मात्र बिनपगारी.

तुमचा खरा प्रश्न होता तो माझ्या नेमणुकीची मुदत एप्रिलअखेर संपते त्याचा. फेब्रुवारीत बाळंतपण, म्हणजे रजेच्या मध्येच करार संपणार. यात दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. करार संपला की रजा संपते. पण प्रसूतीच्या अपेक्षित आठवड्याआधीच्या पंधराव्या आठवड्यात मी नोकरीत असेन आणि तोवर माझी सलग २६ आठवड्यांची नोकरी झालेली असेल, तर कायद्याचे ३९ आठवड्यांचे पैसे नोकरी गेली तरी मिळतात. तो आठवडा नोव्हेंबरच्या सुरुवातीला येतो. त्यासाठी लागणारा मॅट-बी-१ हा गरोदरपणाचा दाखला सुईणबाईंनी गेल्या आठवड्यात दिला आणि त्याची प्रत कार्यालयात पोहोचती करून मी पोच घेतली आहे. माझा व्हिसा जावयांच्या नोकरीवर असल्याने त्या बाजूने काळजी नाही.

मला खरी तफावत दिसली ती दुसरीकडेच. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी मुलगी पीएच.डी. करते. कामाचे तास, रसायने, यंत्रे, सगळे माझ्यासारखेच, पण ती विद्यार्थिनी असल्याने कायद्याची प्रसूती रजा आणि वेतन तिला लागूच होत नाही. तिला सरकारी संशोधन मंडळाची विद्यावृत्ती आहे आणि त्या मंडळाच्या अटींनुसार २६ आठवडे पूर्ण विद्यावृत्ती मिळते, तेव्हा गंमत म्हणजे ती कायद्यापेक्षाही फायद्यात राहिली असती. पण वरच्या मजल्यावर नागपूरची एक मुलगी स्वतःच्या, म्हणजे खरे तर वडिलांनी काढलेल्या कर्जावर एम.एस्सी. करते आहे. २०१० च्या समानता कायद्यामुळे गरोदरपणावरून तिच्याशी कोणी भेदभाव करू शकत नाही, परीक्षा पुढे ढकलता येते, पण पैशाच्या नावाने शून्य. शिवाय विद्यार्थी व्हिसावर लांबची रजा घेतली की विद्यापीठाला ते गृहखात्याला कळवावे लागते आणि बहुधा मायदेशी परतावे लागते. तिने हे सगळे आधी विचारून घेतले आणि मगच लग्नानंतरचे बेत ठरवले.

हे लिहिताना वहिनीची आठवण येणे साहजिक आहे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या वहिनीचे तास सातव्या महिन्यात दुसऱ्या कोणाला दिले गेले आणि तिला एक रुपयाही मिळाला नाही. तिच्या शेजारी बसणाऱ्या कायम प्राध्यापिकेला मात्र रीतसर पगारी रजा होती. आपल्याकडे पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते, म्हणजे विद्यार्थिनीचा विचार झाला आहे, पण तासावर शिकवणारी मध्येच राहून गेली. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने प्रसूतीपूर्वीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेले असण्याची अट घातली आणि २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे पगारी रजा दिली. कराराची मुदत संपली तरी हा लाभ थांबत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका कंत्राटी डॉक्टरच्या प्रकरणात सांगितले आहे. त्या निकालाची प्रत मी दादाला पाठवली आहे. वहिनी पुन्हा त्याच महाविद्यालयात शिकवते आहे आणि दुसऱ्या मुलाचा विषय तिने माझ्याजवळ काढला होता. तेव्हा तिचे नेमणुकीचे आदेश आणि तासिकांच्या बिलांच्या प्रती तुम्ही तारीखवार लावून ठेवाव्यात आणि तिला घेऊन एकदा वकिलांना भेटावे. हे काम तुमच्याइतके नेटके कोणी करणार नाही.

आईला सांगावे की पंचवीस जानेवारीच्या आसपासचे तिकीट पाहावे.

तुमची,
ताई