'मध्ययुगीन' हा शब्द वगळावा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

डाकीण ठरवून एखाद्या बाईला मारहाण झाली की बातमीत 'मध्ययुगीन मानसिकता' हे शब्द हमखास येतात. वर्षानुवर्षे शाळेत खगोलशास्त्रज्ञ केप्लरचे नियम शिकवल्यामुळे मला ते खटकतात. ग्रहगतीचा तिसरा नियम १६१९ साली छापून आला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १६२० मध्ये, केप्लरच्या आईला चेटकीण म्हणून अटक झाली. वर्गात हे मी कधीच सांगितले नाही, याची आता खंत वाटते.

कॅथरिना केप्लर सत्तरी ओलांडलेली होती. नवरा कधीच परागंदा झालेला. जर्मनीतल्या लिओनबर्ग गावात राहायची, झाडपाल्याची औषधे द्यायची. भांडण झालेल्या एका बाईने १६१५ साली आरोप केला की, हिने दिलेले कडू पेय पिऊन मी आजारी पडले. मग गावाला जुनी दुखणीखुपणी आठवू लागली. म्हातारीला लेकीच्या घरातून रात्री पेटाऱ्यात घालून नेले. पुढे सुमारे चौदा महिने ती साखळदंडात होती. केप्लर ऑस्ट्रियातल्या लिंझहून आला आणि एकेक आरोप खोडून काढत त्याने बचाव लिहिला. सप्टेंबर १६२१ मध्ये तिच्यापुढे छळाची हत्यारे मांडली गेली, तरीही कबूल करण्यासारखे काही नाही, हे तिचे म्हणणे बदलले नाही. ती सुटली आणि सहा-सात महिन्यांत वारली.

इतरांच्या पाठीशी असा मुलगा नव्हता. युरोपात अशा खटल्यांत ४० ते ६० हजार माणसे मारली गेली, बहुतेक स्त्रिया. आणि सर्वाधिक बळी साधारण १५६० ते १६३० या काळातले, म्हणजे मध्ययुग सरल्यावरचे, छापखाने आणि विद्यापीठे आल्यानंतरचे. उलट मध्ययुगात बायका रात्री हवेत उडतात ही समजूत चर्चच्या कायद्याने भ्रम ठरवली होती.

या बळींतले बरेचसे कायद्याचे शिक्के उमटवून मारले गेले. जर्मनीतल्या बांबेर्गचा नगराध्यक्ष योहान्नेस युनियुस याने १६२८ साली तुरुंगातून मुलीला चोरून पत्र पाठवले. छळ असह्य झाल्याने खोटा कबुलीजबाब दिला, असे त्यात आहे. एवढ्यावर भागले नाही. रस्त्यामागून रस्ता घेऊन त्याला विचारले गेले, इथे तुझ्या ओळखीचे कोण? अशी नावे वाढत गेली. फ्रीडरिश श्पे या जेझुइट पाद्र्याने १६३१ मध्ये निनावी पुस्तक लिहून हेच दाखवले की, चेटकिणी छळातूनच तयार होतात.

आपल्याकडे २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. तेव्हा पुढच्या बातमीत 'मध्ययुगीन' हा शब्द गाळावा, आणि त्या जागेत छापावे की बाईचे नाव आधी कोणी घेतले, तिची जमीन कोणाच्या बांधाला लागून आहे आणि पोलिसांनी तक्रार किती दिवसांनी नोंदवली.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सातारा